कुमुदअक्काचे मधाळ पेले

कुमुदअक्का घाबरट होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ती गेल्यापासून लोक तिला "काय धाडसी बाई" म्हणायला लागलेत आणि ते ऐकलं की मला हसू येतं. धाडस कसलं? ती पालीला भ्यायची, गॅसच्या सिलिंडरला भ्यायची, दुपारी फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवून मग उचलायची. हुबळीहून धारवाडला बसनं जायचं झालं तर ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरायची आणि त्याचा डोळा लागत नाही ना हे वाटभर निरखत बसायची. असल्या बाईनं काचेचा कारखाना काढावा, यापरता विनोद नव्हता. हुबळीच्या कमरीपेठेतल्या एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीत तिनं तो काढला, आणि शाळेतून निवृत्त होऊन घरात कंटाळलेली मी तिथं खोक्यांवर चिठ्ठ्या लिहायला आणि गवतात पेले बांधायला जाऊ लागले.

कारखाना म्हणायचा, पण होती एक भट्टी आणि तिच्याभोवती दहा-बारा माणसं. हॉटेलांतून, औषधाच्या दुकानांतून फेकलेल्या बाटल्या यायच्या, त्या धुऊन, फोडून, वितळवून त्यांचे पेले, वाट्या, तांबे व्हायचे. बाटल्या निवडणाऱ्या बायका पूर्वी उकिरड्यावर बाटल्याच वेचायच्या. अक्कानं त्यांना तिथून उचलून आणलं, पायात बूट घातले, महिन्याचा पगार आणि आजारपणाची रजा लावून दिली. त्यांची म्होरकी यल्लव्वा. भट्टीवर बाशाचाचा, जुन्या हुबळीतले, तरुणपणी फिरोजाबादला जाऊन काच फुंकायला शिकून आलेले. चाचा लांब नळीतून फुंकर घालायचे आणि नळीच्या टोकाला लाल गोळा फुगत जायचा. अक्काला ते कधीच डोळे उघडे ठेवून बघवलं नाही. ती खांबाआड उभी राहून विचारायची, "झालं का, चाचा?" आणि चाचा म्हणायचे, "झालं बाई, या बाहेर."

तिची भीती मात्र कामाची होती. पेल्याच्या कडा घासायच्या त्या पाण्याखालीच, कारण कोरडी घासली तर काचेची धूळ छातीत जाते. घासून उरलेला गाळ गटारात सोडायचा नाही, कारण गटार नाल्याला मिळतं आणि नाल्याकाठी पोरं खेळतात. मग तो गाळ मागच्या खड्ड्यात वाळवायचा आणि फरशा करणाऱ्याला द्यायचा. भट्टीतून निघालेला पेला मंद भट्टीत पुरता निवल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. "काच मनात धरते," ती म्हणायची. "घाईनं गार केलीस तर आज काही बोलायची नाही. महिन्यानं कुणाच्या तरी हातात फुटेल." संध्याकाळी बायका घरी निघाल्या की दारात उभी राहून ती प्रत्येकीचे दोन्ही तळवे आपल्या बोटांनी चाचपायची. कुठं कुसळाएवढी काच रुतलेली असली तर चिमटा घेऊन बसायची. बायका तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायच्या आणि हसायच्या. एकजण म्हणाली होती, माझ्या नवऱ्यानं लग्नात धरला असेल हात तेवढाच, नंतर अव्वाच धरते.

कारखान्यात एका वाक्याला बंदी होती. "काही होत नाही" असं कुणी म्हणायचं नाही. कानडीत "एनू आगंगिल्ल" हेही नाही. जो म्हणेल त्यानं दिवसभर सगळ्यांसाठी पिण्याच्या पाण्याच्या घागरी भरायच्या. चाचांनी महिनोन्महिने घागरी भरल्या, कारण भट्टीवरच्या माणसाच्या तोंडात ते शब्द बसलेलेच असतात. मी एकदा अक्काला म्हटलं, अगं, माणसाला धीर द्यायला म्हणतात तसं. तर म्हणाली, "सरोजा, ज्यांचं काही झालं ना, त्यांनी सगळ्यांनी आधी हेच ऐकलेलं असतं."

बंगळूरच्या एका मोठ्या हॉटेलवाल्याचा माणूस आला होता तेव्हाची गोष्ट सांगते. त्याला धुरकट काचेचे पेले हवे होते, पुष्कळ. तसा धुरकटपणा झटपट आणायचा तर काच तेजाबात बुडवावी लागते. ते तेजाब असं, की कातडीवर थेंब पडला तर वरून फार दिसत नाही, आत हाडापर्यंत जातं. अक्का त्याच्यासमोर पिशवी पोटाशी धरून बसली होती. तो बोलत होता, मोठं काम, मोठं नाव, परदेशी पाहुणे. अक्का मान हलवत होती. मला वाटलं, भिडेला बळी पडली. आणि मग ती इतक्या बारीक आवाजात "नाही जमायचं" म्हणाली की त्याला परत विचारावं लागलं. तो गेल्यावर तिला घाम फुटला होता. मला म्हणाली, रागावला असेल का गं? घाबरत घाबरतच ती नाही म्हणायची, पण नाहीच म्हणायची.

एवढी सावध बाई चुकली कुठं, असं कुणीही विचारेल. तिच्या चांगुलपणातच चुकली.

कारखान्याचा पहिला नियम होता, की ज्या काचेतून कुणीतरी खाल्लं-प्यालं आहे तीच काच आपली. बाटली चालेल, बरणी चालेल. खिडकीची, गाडीची, दिव्याची काच आत घ्यायची नाही. पण अक्काचा एक दुखरा कोपराही होता. काच मातीत टाकलेली तिला बघवत नसे. कागद कुजतो, लाकूड कुजतं, काच कुणाच्या तरी पायात घुसायची वाट बघत पडून राहते, असं ती म्हणायची. तर एके दिवशी जुन्या इमारती पाडणाऱ्या एका ठेकेदाराचा माणूस टेम्पो घेऊन दारात आला. टेम्पोत जाड जाड तावदानं होती, किंचित पिवळसर. भंगारवाले घेत नाहीत, म्हणाला, तुम्ही घेता का? नाहीतर नाल्याकाठी ओततो.

नाल्याचं नाव काढलं आणि अक्काचा जीव खालीवर झाला. यल्लव्वानं एक तुकडा उचलून बघितला आणि म्हणाली, "अव्वा, ही बाटलीची नव्हं." अक्कानं तुकडा हातात घेतला, उन्हात धरला आणि म्हणाली, "काही होत नाही गं. काचच तर आहे."

कारखान्यात असा हशा पिकला की विचारू नका. बायकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी स्वतःच्या हातानं घागर आणून अक्कापुढं ठेवली. अक्काही पोट धरून हसली, पदर खोचून नळावर गेली आणि दिवसभर पाणी भरत राहिली. इतकी हसताना मी तिला त्याआधी बघितलं नव्हतं.

त्या काचेचे पेले काय झाले म्हणून सांगू. चाचा खुळावलेच. इतकी गुणाची काच आपण उभ्या आयुष्यात फुंकली नाही, म्हणाले, म्हणेल तिकडं वळते. पेला हातात धरला तर जड, भारदस्त. नखानं टिचकी मारली तर देवघरातल्या घंटेसारखा नाद. रंग मधाचा. आम्ही सहा-सहांचे संच बांधले. लग्नसराई तोंडावर होती. धारवाडच्या प्रदर्शनात पहिल्याच दिवशी सगळे उठले, बरेचसे ओळखीपाळखीतच गेले. एक संच मीही घरी नेला. माझा नातू रोज शाळेतून आला की त्यातूनच कोकम सरबत मागायचा.

मग लग्नसराई सरता सरता तोच टेम्पोवाला पुन्हा दारात आला. आणखी तसलीच काच निघाली आहे, म्हणाला. अक्कानं सहज विचारलं, कुठली रे ही? तो म्हणाला, जुना दवाखाना पाडलाय, तिथं हाडांचा फोटो काढायची खोली होती ना, तिची.

अक्का खुर्चीवरून उठली होती ती तशीच उभी राहिली. तिचा चेहरा बघून मी हातातलं गवत खाली ठेवलं. माझ्याकडं वळून ती म्हणाली, "त्या खोलीच्या काचेत शिसं घालतात, सरोजा. किरणं बाहेर येऊ नयेत म्हणून."

मी म्हटलं, असेल थोडंफार, काचेतच अडकलेलं ना?

"आंबट घातलं की सुटतं," ती म्हणाली. "लिंबू. ताक. कोकम."

तो दिवस मी विसरणार नाही. मी चप्पल न घालताच रिक्षात बसले. घरी पोचले तेव्हा नातू पायरीवर बसून पेल्याच्या तळाशी राहिलेलं सरबत जिभेनं चाटत होता. मी पेला हिसकावला तसा तो रडायला लागला, आणि सून आतून धावत आली, सासूला काय झालं म्हणून. त्याच्या रक्ताची तपासणी करून अहवाल येईपर्यंत मला घास गिळवला नाही. शिसं पोरांच्या डोक्यात जातं, हळूहळू साठतं, पोर मंद होतं आणि आपल्याला कळतही नाही, एवढं मी तेवढ्या काळात वाचून काढलं होतं. अहवाल ठीक आला. मी देवापुढं बसून रडले. तोवर मी अक्काच्या भीतीची थट्टा करत आले होते. ती रोज कशात राहते हे मला तेव्हा कळलं.

भट्टी त्याच दिवशी विझवली. धारवाडच्या एका प्रयोगशाळेत पेल्यात आंबट पाणी ठेवून बघितलं, शिसं सुटतं असं उत्तर आलं. कारखान्यातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. काच फोडणाऱ्या दोघी आणि चाचा यांच्यात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, त्यापासून लांब राहा, हळूहळू उतरेल. चाचा अक्काचीच समजूत घालत होते. अक्का त्यांच्याकडं बघत नव्हती. यल्लव्वानं तिचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला.

आणि मग ती पेले परत आणायला निघाली. खांद्याला तागाची पिशवी, सोबत मी. कुणी कुणी संच नेला ते आम्हा दोघींच्या लक्षात होतंच. वाटलं होतं, आठवड्यात आटपेल. पण हुबळी-धारवाडच्या आपल्या माणसांची एक रीत आम्ही विसरलो होतो. आपल्याकडं आहेर वापरत नाहीत, आहेर फिरवतात. एका लग्नात आलेला संच दोरीसुद्धा न सोडता दुसऱ्या लग्नात जातो, तिथून तिसऱ्याच्या वास्तुशांतीला. आणि फिरवला हे कबूल कोण करणार, तेही पेले करणारीच्या तोंडावर? आम्ही दारात गेलो की चहा व्हायचा, आणि पेल्यांचा विषय काढला की, अय्या, आहेत की कपाटात, इतके सुंदर आहेत की वापरवतच नाहीत. कपाट उघडा म्हटलं की किल्ली सापडायची नाही. अक्का हात जोडायची, मी रागावत नाही हो, फक्त खरं सांगा. तिचे जोडलेले हात बघून लोक आणखीच ओशाळायचे आणि आणखीच खोटं बोलायचे. एक बाई तर म्हणाली, आम्ही त्यातूनच रोज ताक पितो, काय झालंय आम्हाला? त्या घरात रांगतं मूल होतं. अक्का उंबऱ्यावरच मटकन बसली. पेले हातात पडल्याशिवाय ती तिथून उठली नाही.

शेवटी तिनं कानडी आणि मराठी दोन्ही वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची ठरवली. मजकूर मी लिहिला. शाळामास्तरीण मी, "अपरिहार्य कारणास्तव" वगैरे घातलं होतं. अक्कानं वाचलं आणि म्हणाली, "हे वाचून कोण उठेल गं? लिही, या पेल्यांत विष आहे, यातून पिऊ नका." मी म्हटलं, असं छापलंस तर तुझा कारखाना उद्या बंद. ती म्हणाली, मला माहीत आहे, मला फार भीती वाटते आहे, लिही.

व्हायचं तेच झालं. हिरवे, पांढरे, चांगले पेलेही लोकांनी परत आणून टाकले. दुकानदारांनी खोकी न उघडता माघारी पाठवली. मधाळ पेले मात्र खरोखरच येऊ लागले, कुणी स्वतः, कुणी शेजाऱ्याच्या हाती, लाजून. उन्हाळा सरेपर्यंत एकच संच राहिला. तो धारवाडच्या सुमतीवहिनींनी नेला होता. त्यांचे यजमान आणि अक्काचे यजमान एकाच कोर्टात वकिली करायचे, त्यामुळं जुना घरोबा. वहिनी प्रत्येक वेळी म्हणत होत्या, माळ्यावर आहे, काढून ठेवते. मी अक्काला म्हटलं, एक संच राहिला तर राहिला, माळ्यावरच आहे ना? दुसऱ्या दिवशी ती मलाही घेऊन पुन्हा बस धरून धारवाडला गेली. त्या खेपेला वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. संच त्यांनी भाचीच्या लग्नात दिला होता. भाचीनं शेजारणीच्या वास्तुशांतीला. शेजारणीनं आपल्या ड्रायव्हरला, त्याच्या घरी काही कार्य होतं म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, आमच्याकडं कशाला असले पेले, माझ्या भावाला दिले. भाऊ हुबळीच्या बाजारात, दुर्गदबैलात, लिंबू सोड्याची गाडी लावतो.

लिंबू म्हटल्यावर आम्ही एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही, तडक निघालो.

दुर्गदबैलात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, रिक्षा, आणि त्या सगळ्यात ती सोड्याची गाडी. फळीवर आमचे पेले ओळीनं मांडलेले, उन्हात चमकत. एक फुटला असावा, पाचच होते. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. गणवेशातली एक मुलगी पेला तोंडाला लावणार तोच अक्कानं तो तिच्या हातातून ओढला. सोडा मुलीच्या अंगावर सांडला. ती किंचाळली, माणसं गोळा झाली, कुणीतरी अक्काला ढकललं. अक्का पेला पदराखाली धरून उभी राहिली. मीच ओरडून सगळं सांगितलं, कानडीत, जमेल तसं.

सोडेवाला पांढरा पडला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "गिऱ्हाईक ह्याच ग्लासात मागतंय, अक्का. बेसिगीपास्नं ह्याच्यातच देतोय. माझी पोरंबी ह्याच्यातनंच पितात." बेसिगीपासून, म्हणजे उन्हाळाभर. अक्कानं पेले एकेक करून पिशवीत ठेवले आणि त्याला विचारलं, रोज कोण कोण येतं? तो म्हणाला, कसं सांगू, बाजार आहे.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, येता-जाता एखाद्या वेळी कुणी प्यालं असेल तर भिण्याचं कारण नाही. रोज पिणारी लहान मुलं असतील तर मात्र रक्त तपासून घ्यावं. अक्कानं दुसरं वाक्यच ऐकलं. सोडेवाल्याच्या दोन्ही पोरांना तिनं स्वतः नेलं. धाकट्याच्या रक्तात शिसं निघालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लेकीकडं पुण्याला गेले, आणि मी तिथं असतानाच अक्का गेली. हृदय थांबलं, म्हणाले. म्हणून निघायच्या आधी तिला बघितलं तेच शेवटचं.

त्या दिवशी कारखान्यात पुन्हा भट्टी पेटली होती. चाचांच्या रक्तातलं शिसं उतरलं होतं, यल्लव्वा आणि बायका बाटल्या निवडून, धुऊन बसल्या होत्या. एका जुन्या गिऱ्हाइकानं, जाहिरात वाचून, मुद्दाम हिरव्या पेल्यांचं काम दिलं होतं. सगळे अक्काची वाट बघत होते. चाचा म्हणाले, बाई नसताना मी नळी तोंडाला लावणार नाही. मला ठाऊक होतं ती कुठं असणार.

ती दुर्गदबैलात सोड्याच्या गाडीशेजारी एका स्टुलावर बसली होती. सोडेवाल्यानंच ते तिला दिलं असावं. फळीवर आता स्टीलचे ग्लास होते. गाडीवर येणाऱ्या प्रत्येकाला ती कानडीत विचारत होती, उन्हाळ्यात इथं पित होता का, पिवळ्या ग्लासात, घरात लहान पोर आहे का? कुणी हसायचं, कुणी बाजूनं निघून जायचं. एका बाईनं तिला भिकारीण समजून पुढ्यात नाणं टाकलं. तिनं ते उचलून फळीवर ठेवलं आणि पुढच्या माणसाला विचारलं. ती इतकी वाळली होती की मला गर्दीतून बघताना आधी ओळखूच आली नाही. मला भीती वाटली, ही आता इथून कधी उठायचीच नाही.

मी जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, भट्टी तापली आहे, चाचा थांबलेत, सगळ्याजणी थांबल्यात, चल की आता.

तिनं माझा हात थोपटला. रस्त्याच्या टोकाकडं बघत म्हणाली, "तू हो पुढं. अजून शाळा सुटायची आहे."